औषध लिहिणारा आणि औषध देणारा वेगळा असावा

महोदय,

डॉक्टरांनी रुग्णाला तपासून औषधही स्वतःच द्यावे, की त्यांनी फक्त चिठ्ठी लिहावी आणि औषध फार्मासिस्टने द्यावे, हा वाद निघाला की तो दोन व्यवसायांचे भांडण असल्यासारखा मांडला जातो. डॉक्टर म्हणतात, केमिस्टना धंदा वाढवायचा आहे; केमिस्ट म्हणतात, डॉक्टरांना औषधांतली कमाई सोडवत नाही. दोन्ही आरोपांत थोडेफार तथ्य असल्यामुळे वाद रंगतो, पण ज्याच्या पोटात ते औषध जायचे असते त्याची आठवण त्या गदारोळात कोणाला राहत नाही. मी रुग्णालयात फार्मासिस्ट म्हणून काम करते, तेव्हा माझा पक्ष आधीच ठरलेला आहे असे कोणी म्हटले तर मी ते नाकारणार नाही. माझे म्हणणे सर्वस्वी माझ्या व्यवसायाच्या सोयीचे नाही, एवढे मात्र हे पत्र शेवटपर्यंत वाचणाऱ्याच्या लक्षात येईल.

औषध देण्याचे काम फार्मासिस्टकडे असावे, असे माझे मत आहे आणि त्यामागे मुख्य कारण एकच आहे. कोणतेही औषध रुग्णाच्या हाती पडण्यापूर्वी ते लिहिणाऱ्याखेरीज आणखी एका जाणत्या माणसाच्या नजरेखालून गेले पाहिजे, आणि या दुसऱ्या माणसाची मिळकत पहिल्याच्या मर्जीवर अवलंबून असता कामा नये. ही दुसरी तपासणी जिथे होत नाही, तिथे औषध डॉक्टरांच्या टेबलावरून मिळाले काय आणि दुकानाच्या काउंटरवरून मिळाले काय, रुग्णाच्या दृष्टीने सारखेच.

औषध देणे म्हणजे चिठ्ठी वाचून कपाटातून पाकीट काढणे आणि पैसे घेणे, असा समज रुग्णांचा असतो, बऱ्याच डॉक्टरांचा असतो आणि, खेदाने सांगावे लागते, काही फार्मासिस्टांचाही असतो. प्रत्यक्षात त्या दोन-चार मिनिटांत पुष्कळ काही पाहायचे असते. मेथोट्रेक्सेट या औषधाचे उदाहरण घ्या. सांध्यांच्या ऱ्हुमॅटॉइड विकारात आणि सोरायसिसमध्ये ते आठवड्यातून फक्त एकदा घ्यायचे असते. परंतु बहुतेक गोळ्या रोज घ्यायच्या असतात, ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की कधी लिहिणाऱ्याच्या हातून, तर कधी घेणाऱ्याच्या समजुतीतून ‘आठवड्याला एक’चे ‘रोज एक’ होऊन जाते. मग काही दिवसांत तोंडात फोड येतात, अस्थिमज्जेचे काम मंदावते, पांढऱ्या पेशी घटतात आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. या चुकीने माणसे दगावल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. म्हणून हे औषध हातात देण्याआधी फार्मासिस्टने विचारायचे असते, ‘कोणत्या वारी घेता?’ उत्तर आले की तो वार लेबलावर ठळक लिहायचा, सोबत फॉलिक ॲसिड असेल तर ते कोणत्या दिवशी घ्यायचे तेही लिहायचे आणि एका वेळी महिन्याभराहून अधिक गोळ्या शक्यतो द्यायच्या नाहीत. रांगेत वीस रुग्ण ताटकळत असलेल्या डॉक्टरांकडून प्रत्येक वेळी हे होईल, अशी अपेक्षा धरणे त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे.

लहान मुलांच्या तापाच्या औषधात याहून साधी चूक होते. पॅरासिटामॉलच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरमागे १२० ते १२५ मिलिग्रॅम औषध असते, दुसऱ्या प्रकारच्या सिरपमध्ये तेवढ्याच मापात २५० मिलिग्रॅम असते, आणि तान्ह्या मुलांसाठीच्या थेंबांत बहुधा एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असते. दहा किलो वजनाच्या मुलाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरते. ‘पाच मिली द्या’ एवढेच सांगून जर चुकून थेंबांची बाटली हाती दिली, तर त्या मुलाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जाते, आणि ताप उतरत नाही म्हणून ते दिवसातून चार वेळा दिले गेले तर यकृतावर काय परिणाम होईल हे डॉक्टरांना सांगायला नको. निदान अचूक, औषध योग्य, डॉक्टर निष्णात आणि तरीही अपघात घडतो, कारण तो घडण्याची जागा निदानानंतरची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी हानी कमी करण्यासाठी जागतिक मोहीम सुरू केली, तेव्हा औषधविषयक चुकांची जगभरातील वार्षिक किंमत ४२ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज दिला होता. या चुकांत सगळ्यांचाच वाटा आहे; फार्मासिस्टांचाही आहे.

डॉक्टर स्वतः औषध देतात तेव्हा रुग्णाकडे मागे काय उरते, हाही प्रश्न विचारायला हवा. पुष्कळदा स्ट्रिपमधून कापलेले चार तुकडे किंवा पुडीत बांधलेल्या सुट्या गोळ्या हाती येतात. कापलेल्या तुकड्यावर नाव अर्धवट असते आणि मुदतीची तारीख व बॅच नंबर दुसऱ्याच तुकड्यावर राहून गेलेले असतात. उद्या ती बॅच सदोष निघाली आणि उत्पादकाला बाजारातून परत मागवावी लागली, तर ती कोणाकोणाच्या घरी गेली आहे हे कळायला मार्ग नसतो. रुग्णाच्या अंगावर रात्री पुरळ उठले आणि त्याला दुसऱ्या रुग्णालयात न्यावे लागले, तर तिथले डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात की कोणते औषध घेतले होते. त्याला ‘पांढरी गोल गोळी’ हे उत्तर पुरत नाही. चिठ्ठी हा रुग्णाच्या हाती राहणारा पुरावा असतो. तो पुढच्या डॉक्टरला दाखवता येतो, औषध महाग वाटले तर दुसरीकडे चौकशी करता येते, आणि उपचाराविषयी शंका आली तर दुसरे मत घेता येते. औषध थेट हातात पडले की हे सगळे दरवाजे बंद होतात, आणि ते बंद झाल्याचे रुग्णाच्या लक्षातही येत नाही.

लिहिणारा आणि देणारा वेगळा असावा हा विचार आधुनिक नाही. तेराव्या शतकात सिसिलीच्या राज्यात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने काढलेल्या फर्मानांत वैद्याने औषधे विकणाऱ्याशी भागीदारी करू नये आणि स्वतःचे औषधालय चालवू नये, असे बजावले होते. त्या काळी औषधे काय आणि किती होती हे पाहिले, तर फर्मानाचा रोख औषधांच्या गुंतागुंतीपेक्षा पैशाकडे होता हे उघड आहे. ज्याला औषध खपल्यावर नफा होतो, त्याच्याकडेच ते औषध गरजेचे आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार असू नये, इतके हे साधे गणित आहे. त्यासाठी डॉक्टरांना लबाड समजण्याची गरज नाही. प्रामाणिक माणसाचाही कल कपाटात शिल्लक असलेल्या आणि मुदत संपत आलेल्या साठ्याकडे नकळत झुकतो, आणि जे औषध कपाटात नाही ते त्याला कमी वेळा आठवते.

अर्थात, फर्मान काढले म्हणजे व्यवहार बदलतो असेही नाही आणि याचा सर्वांत चांगला धडा जपानने दिला आहे. तिथे १८७४ च्या वैद्यकीय नियमावलीतच ही विभागणी तत्त्वतः आली होती, पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर १९५६ पासून तिचा कायदाही अमलात आला. पण कायद्यात अपवाद इतके होते आणि औषधांतून मिळणारी रक्कम तपासणीच्या मोबदल्याच्या मानाने इतकी मोठी होती की डॉक्टर औषधे देतच राहिले. १९७४ मध्ये सरकारने चिठ्ठी लिहून देण्याचा मोबदला एकदम पाचपट केला, तेव्हा कुठे चक्र फिरू लागले, आणि आज तिथल्या सत्तर टक्क्यांहून अधिक चिठ्ठ्या बाहेरच्या फार्मसीत जातात. शंभर वर्षे जे कायद्याला जमले नाही ते मोबदल्याच्या दरात केलेल्या एका बदलाने सुरू झाले.

जपानमधलीच दुसरी घटना १९९३ ची आहे आणि ती या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावी अशी आहे. नागिणीवर सोरिव्हुडिन नावाचे नवे औषध त्या वर्षी बाजारात आले. कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या फ्लुरोयुरॅसिल गटातील औषधांचे शरीरात विघटन करणारे जे एन्झाइम असते, त्याचे काम या नव्या औषधामुळे बंद पडत असे. परिणामी कर्करोगाचे औषध रक्तात साचत जाऊन विषासारखे काम करी. पहिल्या काही आठवड्यांतच ही दोन्ही औषधे एकत्र घेणारे किमान पंधरा रुग्ण दगावले. कर्करोगाचे औषध एका डॉक्टरांनी दिलेले आणि नागिणीचे दुसऱ्याने, अशी परिस्थिती असली की दोघांचे निदान आपापल्या जागी बरोबर असूनही दोन्ही औषधे एकत्र पाहणारे कोणी नसे. त्यातून त्या काळी जपानमध्ये कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याची पद्धत बरीच रूढ होती, त्यामुळे रुग्णही दुसऱ्या डॉक्टरांना काही सांगू शकत नसे. उत्पादकाने दिलेली धोक्याची सूचनाही पुरेशी ठळक नव्हती. या प्रकरणानंतर रुग्णाने आपली सर्व औषधे शक्यतो एकाच फार्मसीतून घ्यावीत आणि त्यांची नोंद असलेली छोटी वही जवळ बाळगावी, या पद्धतीला तिथे जोर आला. दोन डॉक्टर, तीन डॉक्टर, चार डॉक्टर असले तरी वही एक आणि ती पाहणारा फार्मासिस्ट एक, ही त्यामागची कल्पना.

आमच्या रोजच्या कामात या घटनेची लहान रूपे सतत दिसतात. हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेत असतो आणि दाताच्या दुखण्यासाठी त्याला मेट्रोनिडॅझोल हे जंतुसंसर्गावरचे औषध लिहून दिलेले असते. दोन्ही एकत्र झाली की वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी दातांच्या डॉक्टरांना फोन करावा लागतो. बहुतेक डॉक्टर दोन वाक्यांत दुसरे औषध सुचवतात किंवा रक्ताची तपासणी लवकर करायला सांगतात आणि विषय संपतो. काही जण मात्र ‘लिहिलंय ते द्या’ म्हणून फोन ठेवतात. विभागणीचा कायदा करताना या फोनचा विचार आधी व्हायला हवा. फार्मासिस्टला शंका विचारण्याचा अधिकार आणि उत्तर मिळेपर्यंत औषध थांबवून ठेवण्याची मुभा नसेल, तर दुसरी तपासणी नावापुरतीच राहील. त्याचबरोबर, शंका न विचारता औषध दिले आणि रुग्णाला अपाय झाला तर त्याची जबाबदारीही फार्मासिस्टवर आली पाहिजे. मुभा हवी पण उत्तरदायित्व नको, अशी भूमिका माझ्या व्यवसायातील काही जण घेतात. ती मला मान्य नाही.

डॉक्टरांचा एक आक्षेप मला रास्त वाटतो. फार्मासिस्टला निदान माहीत नसते, रुग्णाचे वजन माहीत नसते, मूत्रपिंडाचे काम कसे आहे याचा अहवाल त्याने पाहिलेला नसतो. मग तो तपासणार काय? हे खरे आहे. पण त्यावर उपाय चिठ्ठीतच आहे. औषध कशासाठी दिले आहे ते दोन शब्दांत, मुलांच्या बाबतीत वजन, आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास तशी नोंद, एवढे चिठ्ठीवर आले तर फार्मासिस्टचे काम अंदाजाचे न राहता तपासणीचे होईल. सुवाच्य अक्षराबद्दल मी लिहीत नाही. त्यावर आजवर पुरेशी शाई खर्च झाली आहे.

आता थोडे माझ्या बाजूच्या लोकांबद्दल. डॉक्टरांना औषधांत नफा असतो म्हणून ते काम त्यांच्याकडून काढायचे आणि जिथे नफा हाच व्यवसायाचा पाया आहे त्या दुकानाकडे द्यायचे, यात विसंगती आहे असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यायचे? फार्मासिस्टही जास्त नफ्याचा ब्रँड पुढे करू शकतो, चिठ्ठीत नसलेले टॉनिक गळ्यात मारू शकतो, आणि चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक विकण्याचे पाप तर या व्यवसायाच्या माथी जगभर आहेच. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे परवान्यावर नाव एकाचे आणि काउंटरवर उभा दुसराच, ज्याने फार्मसीचे पुस्तक कधी उघडलेले नाही. तसे असेल तर या विभागणीतून रुग्णाला मिळते ती फक्त आणखी एका रांगेत उभे राहण्याची शिक्षा. म्हणून विभागणी दोन्ही बाजूंनी व्हावी लागते. डॉक्टरांनी विकायचे नाही, तसेच फार्मासिस्टने निदान करून औषध सुचवायचे नाही, आणि दुकान उघडे असेल तेवढा वेळ नोंदणीकृत फार्मासिस्ट तिथे प्रत्यक्ष हजर असलाच पाहिजे.

दक्षिण कोरियाने नेमकी अशी दुहेरी विभागणी जुलै २००० मध्ये केली. त्याआधी तिथे डॉक्टर औषधे देत आणि फार्मासिस्ट चिठ्ठीशिवाय औषधे विकत. डॉक्टरांनी कडवा विरोध केला, संप झाले, आणि ते शमवण्यासाठी तपासणीचे दर अनेकदा वाढवावे लागले. त्याचा भार पडून २००१ मध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याचा हिशेब तोट्यात गेला. विभागणीचे समर्थक हा भाग सांगायचे टाळतात. दुसरीकडे, बदलानंतर झालेल्या एका अभ्यासात विषाणूजन्य आजारांत, म्हणजे जिथे प्रतिजैविकांचा उपयोगच नसतो तिथे, ती लिहिण्याचे प्रमाण सुमारे ८१ टक्क्यांवरून ७३ टक्क्यांपर्यंत उतरल्याचे दिसले, आणि जिवाणूजन्य आजारांत मात्र ते फारसे बदलले नाही. घट फार मोठी नाही, पण ती योग्य जागी झाली. तैवानने १९९७ पासून टप्प्याटप्प्याने हाच मार्ग धरला, परंतु डॉक्टरांना आपल्याच दवाखान्यात पगारी फार्मासिस्ट ठेवण्याची सवलत दिली. ज्या दवाखान्यांनी ती घेतली तिथे औषधांवरचा खर्च विभागणीमुळे कमी झाला नाही. ज्यांनी घेतली नाही तिथे झाला. पगार देणाऱ्याच्या चिठ्ठीवर शंका घेणे किती अवघड असते, हे नोकरी करणाऱ्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

या अनुभवांवरून पैशाचा प्रश्न टाळता येत नाही हे स्पष्ट होते. डॉक्टरांच्या तपासणीला, विचाराला आणि सल्ल्याला योग्य मोल मिळत नसेल, तर ते मोल गोळ्यांतून वसूल होणारच. रुग्णांनाही, नुसत्या सल्ल्याचे पैसे द्यायचे म्हटले की जड वाटते. हातात पुडी पडली की पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. ‘तुम्हाला औषधाची गरज नाही’ हे वैद्यकातले अतिशय मोलाचे वाक्य आहे, आणि ते उच्चारणाऱ्या डॉक्टरांचे नुकसान होऊ नये अशी व्यवस्था आधी हवी. फार्मासिस्टच्या बाबतीतही हेच लागू आहे. त्याची मिळकत विकलेल्या औषधाच्या किमतीवर न ठरता प्रत्येक चिठ्ठीच्या तपासणीमागे ठरावीक मोबदल्याने ठरली, तर महाग ब्रँड पुढे करण्याचा मोह कमी होईल.

अपवाद लागतीलच. ॲलर्जीने श्वास कोंडलेल्या रुग्णाला ॲड्रिनलिन टोचायचे असते तेव्हा कोणी चिठ्ठी लिहीत बसणार नाही. इंजेक्शने, लसी, रात्री-अपरात्री द्यावा लागणारा पहिला डोस, यांबद्दल वाद नाही. अडचण दुर्गम भागांची आहे, जिथे डॉक्टर कसेबसे मिळतात आणि फार्मसी मिळतच नाही. तिथे विभागणीचा हट्ट धरला तर रुग्ण औषधाविना राहील. इंग्लंडमध्ये यावर अंतराचा निकष आहे: ग्रामीण भागात ज्याचे घर फार्मसीपासून एका मैलाहून, म्हणजे १.६ किलोमीटरहून दूर आहे, त्याला त्याचे डॉक्टर औषध देऊ शकतात. स्वित्झर्लंडमध्ये जर्मन भाषक कँटनांपैकी, म्हणजे तिथल्या प्रांतांपैकी, बहुतेक ठिकाणी डॉक्टर औषधे देतात आणि फ्रेंच भाषक भागात देत नाहीत, म्हणजे तिथे परंपरेने निकाल लावला आहे. भारतात १९४८ च्या फार्मसी कायद्याचे कलम ४२ सांगते की चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, आणि त्याच कलमात डॉक्टरांना स्वतःच्या रुग्णांपुरती सूट आहे. ती सूट ना अंतराशी बांधलेली आहे, ना निकडीशी. डॉक्टरांकडे येणारा प्रत्येक जण त्यांचा स्वतःचाच रुग्ण असतो, त्यामुळे अपवाद नियमाएवढाच मोठा झाला आहे. इंग्लंडची पद्धत मला अधिक पटते, कारण तिच्यात सूट कोणाला हे नकाशावर दाखवता येते, आणि जवळ फार्मसी सुरू झाली की सूट संपू शकते.

अशी सूट ज्या डॉक्टरांना मिळेल त्यांनी औषधासोबत चिठ्ठीही द्यावी आणि प्रत्येक पाकिटावर औषधाचे मूळ नाव, मात्रा, घेण्याची वेळ, बॅच नंबर व मुदत लिहावी, अशी अट असावी. शिवाय हा बदल सगळ्या औषधांसाठी एकाच दिवशी व्हावा असा माझा आग्रह नाही. चूक झाली तर जी औषधे सर्वांत महागात पडतात, म्हणजे रक्त पातळ करणारी, आठवड्यातून एकदाच घ्यायची, फेफऱ्यावरची, कर्करोगावरची आणि प्रतिजैविके, ती जिथे फार्मसी चालत जाण्याच्या अंतरावर आहे तिथे आधी फार्मासिस्टकडे सोपवावीत, आणि त्याच दिवसापासून त्या भागातील डॉक्टरांच्या तपासणीचे दर सुधारावेत. दोन्ही गोष्टी एकाच आदेशात असाव्यात. दर नंतर पाहू म्हटले की ते राहून जातात आणि औषधे पुन्हा मागच्या दाराने टेबलावर येतात.

आपली,
एक रुग्णालयीन फार्मासिस्ट